बुधवारची रांग

जेटीवरच्या तिकिटाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते आणि तिथे एकही माणूस नव्हता. मला हायसं वाटलं. खिडकी नऊला उघडायची होती, म्हणजे मी पहिला. शाळेत, नोकरीत, कुठेही कधी पहिला आलो नव्हतो. निदान पळून जाण्यात तरी पहिला नंबर लागत होता.

मला शुक्रवारच्या बोटीचं एक तिकीट हवं होतं. एकच, माझं. बोटीने पोर्ट ब्लेअर, तिथून चेन्नई, तिथून रेल्वेने सोलापूर. सोलापुरात धाकट्या भावाच्या घरी माडीवर एक खोली रिकामी होती. कोरडी खोली. बायकोला, म्हणजे शैलाला, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती नेहमीप्रमाणे पहाटेच समुद्रावर पोहायला गेली होती, त्यामुळे खोटं बोलायचं कामही वाचलं होतं. तिकीट हातात आलं की सांगू, असं मी ठरवलं होतं. हातात कागद असला की मला बोलायला थोडा धीर येतो.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. अंदमानातल्या त्या छोट्या बेटावर येऊन तेव्हा आम्हाला आठ महिने झाले होते. शैला तीस वर्षं सोलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होती. छडीने भिंतीवरच्या नकाशातली बेटं दाखवायची. निवृत्त झाली त्या आठवड्यात म्हणाली, "आता नकाशातून बाहेर पडायचं." तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने इथे भाड्याचं घर बघून दिलं, आणि सामान बांधून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण खरंच निघालो आहोत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या नोंदी करत असे. चौतीस वर्षं तेच केलं. पुस्तकाला कुठे जायचंय असं कुणी विचारत नाही, आणि मलाही त्याची सवय झाली होती.

आठ महिन्यांत माझी पुस्तकं फुगून दुप्पट झाली. पानं उघडताना ओल्या पापडासारखी एकमेकांना चिकटायची. कपाटात बुरशी, बुरशीवर किडे, किड्यांमागे पाली. नळाला एक दिवसाआड पाणी. वर्तमानपत्र यायचं ते चार दिवसांचा गठ्ठा बांधून, आणि मी ते तारखेच्या क्रमाने वाचेपर्यंत पुढचा गठ्ठा यायचा. शेजारीपाजारी दार न वाजवता थेट स्वयंपाकघरात यायचे आणि पातेल्यावरचं झाकण उचलून "आज काय?" विचारायचे. शैलाला ते आवडायचं. तिला सगळंच आवडायचं. एकसष्टाव्या वर्षी कोळणींबरोबर ती पोहायला शिकली होती. सगळं बेट तिला टीचरदीदी म्हणायचं. मला "टीचरदीदींचे मिस्टर" म्हणायचं. माझं नाव कुणालाही माहीत नव्हतं, आणि मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तर खिडकीशी माणूस नव्हता, पण कचरा मात्र पुष्कळ होता. खिडकीपासून थेट जेटीच्या खांबापर्यंत वाटेतच पडलेला. सगळ्यात पुढे अर्धी वीट. मग वाळू भरलेली बाटली. मग एका पायातली चप्पल, मग नारळ, मग गंजलेली कढई. मी चालताना नारळाला अडखळलो आणि जवळजवळ पडलोच. आठ महिन्यांचा सगळा वैताग त्या नारळावर निघाला. म्हटलं, या बेटाला कुठे काय ठेवावं याची अक्कल नाही! नऊपर्यंत वेळच वेळ होता. मी कामाला लागलो.

खिडकीकडून सुरुवात केली आणि एकेक वस्तू उचलून भिंतीशी नेली. नुसता ढीग करणं मला जमत नाही. त्यामुळे चपलांशेजारी चपला, नारळांशेजारी नारळ, बाटल्या उंचीप्रमाणे, दगडविटा एका बाजूला, पत्र्याच्या वस्तू दुसऱ्या बाजूला, असं लावत गेलो. एकूण एकोणीस वस्तू निघाल्या. काम संपल्यावर दोन पावलं मागे सरून पाहिलं. आठ महिन्यांत या बेटावर मला पहिल्यांदाच काहीतरी नीट दिसत होतं. मग मोकळ्या झालेल्या जागेत, खिडकीच्या अगदी समोर, मी जाऊन उभा राहिलो.

साडेआठला पहिला आला तो पळनी. लाकूडकाम करणारा तमिळ माणूस, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. तो खिडकीपर्यंत आला, जमिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत जमिनीकडे बघितलं.

"सार," तो म्हणाला, "माझी वीट?"

बेटावर सगळे आपापल्या परीच्या हिंदीत बोलायचे. मला वाटलं, माझ्या समजण्यात काही चूक होते आहे.

"वीट भिंतीशी आहे," मी म्हणालो. "घेऊन जा, काही हरकत नाही."

"घेऊन जा? सार, मी पहाटे चारला येऊन ठेवली ती!"

तेवढ्यात मागून सुचित्राबौदी आली. बौदी म्हणजे बंगालीत वहिनी; ती बाजारात मासे विकायची. तिच्यामागे आणखी चारपाच जण आले, आणि मग चहाच्या टपरीवरून, बांबूच्या झाडीतून, घराघरांतून माणसं येऊ लागली. प्रत्येक जण खिडकीपर्यंत यायचा आणि जमिनीकडे बघायचा.

"आमची रांग कुठे गेली?" सुचित्राबौदीने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोट आठवड्यातून दोनदा, तिकिटं चाळीस, आणि एकेक जण घरादाराची चारपाच काढायचा. लोकांना मासेमारी होती, गुरं होती, मुलांचे डबे होते. पाच तास कोण उभं राहणार? म्हणून पहाटे येऊन ज्याने त्याने आपली एक वस्तू ठेवायची आणि कामाला जायचं. वस्तू उभी म्हणजे माणूस उभा. आजवर तिकिटं शैलाच काढायची, त्यामुळे मला हे ठाऊकच नव्हतं. मी एकोणीस माणसांची रांग उचलून, वर्गवारी करून भिंतीशी लावली होती.

"कोणी केलं हे?" कुणीतरी ओरडलं.

बोट दाखवायची गरजच नव्हती. खिडकीसमोर मी एकटा उभा होतो.

"टीचरदीदींचे मिस्टर!"

"अरे, चपला तर बघा, दुकान लावल्यासारख्या मांडल्यात!"

"आता कोण पुढे, कोण मागे? मी तर तिसरा होतो."

"तू तिसरा? तिसरी माझी कढई होती!"

"खोटं बोलू नकोस. कढई पार खांबाजवळ होती."

सुचित्राबौदी मात्र भांडत नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत डॉक्टरांचे कागद होते. "दादा," ती म्हणाली, "सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी आहे. चार महिन्यांनी तारीख मिळालीय. शुक्रवारची बोट चुकली तर पुन्हा चार महिने. मी दुसरी होते. आता मी कितवी?"

"दुसरी," मी म्हणालो.

आवाज इतका खाली होता की तिला फक्त माझे ओठ हललेले दिसले असतील.

"काय?"

"दुसरी. वाळू भरलेली बाटली. झाकण हिरवं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हो. हिरवंच. तुम्हाला आठवतं?"

आठवत होतं. त्यात हुशारी काही नव्हती. चौतीस वर्षं पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा त्याचा नंबर, मग रंग, मग कुठे फाटलंय ते, असं मनात नोंदवायची सवय लागली होती. सकाळी वस्तू उचलतानाही मनातल्या मनात तेच चाललं होतं. पण बरोबर आठवतंय का? समजा चौथ्याचा पाचवा केला तर? इतक्या लोकांसमोर चुकलो तर? मला वाटलं, गप्प बसावं, लोक आपसांत काहीतरी ठरवतीलच.

पळनीने ऐकलं होतं. "सार, सगळं आठवतं?"

"म्हणजे... बहुतेक. मला वाटतं, की..."

"वाटतं नको. सांगा. आणि मोठ्याने सांगा, पोटातून!"

त्याने मला खांद्याला धरून एका खोक्यावर चढवलं. मी डोळे मिटले. डोळे मिटले की समोरची माणसं दिसत नाहीत.

"एक!" मी ओरडलो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "अर्धी वीट. एका कोपऱ्याला निळा रंग."

"माझी!" पळनी म्हणाला आणि जाऊन पहिला उभा राहिला.

"दोन. वाळूची बाटली, हिरवं झाकण. तीन. उजव्या पायाची चप्पल, अंगठा दोऱ्याने शिवलेला."

"बघ! मी म्हणत नव्हतो तिसरा?"

"चार. नारळ, देठाशी कोयत्याचा घाव. पाच. कढई, एक कान तुटका."

"पाचवी," कढईवाल्या बाईने पुटपुटत कबूल केलं. "मला वाटलंच होतं तिसरी नसेल."

लोक हसले. मी डोळे उघडले. माणसं भिंतीकडे जात होती, आपापली वस्तू उचलत होती, येऊन रांगेत उभी राहत होती. सातव्या आणि आठव्या नंबरला माझी पंचाईत झाली. दोन नारळ होते, दोन्ही कोवळे, दोन्ही सारखेच. मी थांबलो. घामाने चष्मा घसरला. "एक खाली टेकताना आवाज झाला होता," मी म्हणालो, "म्हणजे त्यात पाणी कमी. तो आधी." कुणीतरी दोन्ही नारळ कानाशी हलवून पाहिले. पाणी कमी असलेला नारळ पुढे गेला. कुणी हरकत घेतली नाही.

"अकरा," मी म्हणालो. "पत्र्याचा डबा, झाकण नाही. बाजूला गुलाबाचं चित्र, अर्धं खरवडलेलं."

कुणी पुढे आलं नाही.

"अकरा!" मी आणखी मोठ्याने म्हणालो. "गुलाबाचा डबा!"

"माझा," मागून मराठीत आवाज आला.

शैला उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. ती गर्दीतून शांतपणे भिंतीपाशी गेली, डबा उचलला, आणि जाऊन दहाव्या माणसामागे उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी खोक्यावरून तिच्याकडे बघत राहिलो, शेवटी पळनीने "बारा, सार, बारा!" म्हणून हाक मारली.

उरलेले आठ नंबर मी कसे सांगितले ते मला माहीत नाही. खोक्यावरून उतरलो आणि विसाव्या नंबरला, सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढे आठ माणसांपलीकडे शैलाची ओली वेणी दिसत होती. ती कुठे चालली होती? एकटी? मला काही न सांगता? मनातून मी संतापलो. मग आठवलं की मीही तेच करायला आलो होतो, आणि संतापायचं कुणावर ते कळेना.

नऊला एक्काबाबूंनी खिडकी उघडली. रांचीकडून पूर्वी इथे आलेल्या लोकांपैकी ते एक. चष्म्यावरून बघायचे आणि प्रत्येक अक्षर कोरल्यासारखं लिहायचे. पळनीने तिकीट घेतलं. सुचित्राबौदीने दोन घेतली, आणि जाताना माझ्यापाशी थांबून नुसती मान हलवली. रांग सरकत होती. शैलाचा नंबर आला तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी माझी जागा सोडून खिडकीपाशी गेलो.

"दीदी, किती?"

"एक."

"नाव?"

"भालचंद्र होनराव," शैला म्हणाली. "वय चौसष्ट."

एक्काबाबू लिहू लागले. मला काही क्षण लागले. ते माझंच नाव होतं.

"शैला, हे काय?"

"तुम्हाला जायचंय ना? जा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "दुपारी जेवताना देणार होते. तुम्ही इथेच सापडलात, बरं झालं."

"तुला कुणी सांगितलं, मला जायचंय म्हणून?"

"आठ महिने सांगताय. पुस्तक उघडताना सांगताय, नळ सोडताना सांगताय. कुणी दारात आलं की सांगताय. तोंडाने मात्र एकदाही नाही." आता ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते, कदाचित समुद्राच्या पाण्याने. "एकदा म्हणायचं होतं, शैला, मला हे नको. मी भांडले असते तुमच्याशी. हरलेही असते एखाद् वेळी. उसाशाशी कसं भांडायचं? मी वैतागलेय, अहो! घरात एक माणूस रोज आजारी असल्यासारखा बसलेला, आणि काय दुखतंय ते सांगत नाही. आणि घरातला डबा! तांदूळ मोजायचा डबा! चारशे वेळा तुमच्या डोळ्यांसमोरून गेला असेल. त्याचं खरवडलेलं चित्रसुद्धा लक्षात राहतं तुमच्या, पण तो आपला आहे हे नाही!"

सगळी रांग आमच्याकडे बघत होती. एकालाही मराठी येत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

एरवी मी मान खाली घातली असती. पण नुकताच अर्धा तास मी पोटातून ओरडत होतो, आणि आवाज अजून जागेवर परतला नव्हता.

"मग ऐक," मी म्हणालो. "मला हे नको."

"काय नको?"

"हे बेट नको. हा दमटपणा नको. पालींबरोबर राहणं नको. आणि हे तिकीटही नको!"

"का नको? तेच घ्यायला आला होतात ना?"

"आलो होतो. मी काढणं वेगळं आणि तू मला काढून देणं वेगळं!"

"वा! म्हणजे पळून गेलेलं चालतं, पाठवलेलं चालत नाही?"

"हो! नाही चालत!"

"दीदी," एक्काबाबू म्हणाले, "तिकीट फाडू का?"

"थांबा!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

ते थांबले. घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग माझ्या नावावर शांतपणे रेघ मारली. "बारा नंबर," त्यांनी हाक दिली.

"सार, संपलं की सांगा," पळनी अजून तिथेच उभा होता. "मध्ये घेतील तुम्हाला. आज तुमचं सगळे ऐकतात."

पण आमचं संपत नव्हतं. आम्ही बाजूला झालो, मग जेटीवरून उतरलो, मग घराच्या रस्त्याला लागलो, आणि सगळा वेळ भांडत होतो. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही असं कधी भांडलो नव्हतो. शैला वर्गात बोलावं तसं एकेक मुद्दा घेत होती. मी अडखळत होतो, पण थांबत नव्हतो. बाजार ओलांडला. सुपारीच्या बागा आल्या. ऊन चांगलंच तापलं होतं. मी रागाच्या भरात तिच्या हातातला डबा स्वतःकडे घेतला, कारण तिला हातवारे करायला अडचण होत होती.

वळणावर ती थांबली.

"आणखी?" तिने विचारलं. तिला धाप लागली होती. "आहे अजून काही, की झालं?"

"आहे," मी म्हणालो. "इकडे यायचं ठरवलंस तेव्हा तू मला विचारलंच नाहीस."

ती रस्त्याच्या कडेला एका ओंडक्यावर बसली. टॉवेलने तोंड पुसलं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात. तुमचा तो 'हो' मला आयुष्यभर पुरून उरलाय. मला नको होता तो."

मी उभाच होतो. मग म्हणालो, "आता विचार."

"काय?"

"विचार तर."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "इथे राहायचं का, अहो?"

"नाही," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. कुणीतरी बऱ्याच दिवसांनी भेटावं तशी ती माझ्याकडे बघत होती.

"बरं," ती उठत म्हणाली. "मला राहायचंय. चला, भूक लागलीय. जेवून भांडू."

जेवून आम्ही भांडलो. दुपारी चारपर्यंत भांडलो. वर्षातले सहा महिने सोलापूर, असं मी म्हणत होतो, आणि ती दोनच्या पुढे जायला तयार नव्हती. मध्ये शेजारीण पातेल्यावरचं झाकण उचलायला आली ती दारातूनच परत गेली. शेवटी चार महिन्यांवर आम्ही थांबलो, ते पटलं म्हणून नाही, दोघांचेही घसे बसले म्हणून. तेव्हापासून तसंच चाललं आहे. चार महिने सोलापुरात, आठ महिने बेटावर. तिथे ती वैतागते, इथे मी वैतागतो. दोघंही मोठ्याने.